धक्क्यासाठी दिलेला किनारा : मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या वटहुकुमाचं प्रकरण

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे. तिथल्या वेल्स गावात मूडी बीच नावाची साधारण मैलभर लांबीची पुळण आहे. उतार अगदी सौम्य, त्यामुळे ओहोटीला पाणी बरंच मागे जातं आणि पायाखाली ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. पुळणीला लागून घरांची रांग आहे, दक्षिणेला ओगनक्विट गावाची सार्वजनिक पुळण. उन्हाळ्यात लोक एकीकडून दुसरीकडे चालत यायचे, छत्र्या रोवायचे, मुलं किल्ले करायची. १९८४ साली या रांगेतल्या २८ जागांचे मालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या घरासमोरची ओली वाळू आमच्या मालकीची आहे आणि लोकांना तिथे मौजमजेसाठी येण्याचा हक्क नाही.

गणपतीपुळ्याला किंवा वेंगुर्ल्याला वाढलेल्या माणसाला हा दावा ऐकून हसूच येईल. भरतीला ज्यावर समुद्र असतो ती जमीन कुणा एकाची कशी असेल? पण १९८९ मध्ये मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला तो मालकांच्या बाजूने. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधला पट्टा किनाऱ्यावरच्या मालकाचा, आणि जनतेला तिथे तीन कामांपुरता हक्क : मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन. म्हणजे बंदूक घेऊन बदकं मारायला जाणारा माणूस त्या वाळूवर कायदेशीर, आणि टॉवेल अंथरून पडणारी आजी घुसखोर. न्यायमूर्तींनी याचा आधार म्हणून पुढे केला तो १६४७ चा एक वटहुकूम, तोही मॅसॅच्युसेट्स बे या जुन्या इंग्रज वसाहतीचा. वसाहतीच्या पहिल्या पिढीने व्यापार वाढावा, बंदर व्हावं म्हणून काय ठरवलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे पाहायला याच्याइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही.

वसाहतीची अडचण

१६३० साली जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली प्युरिटन पंथाच्या लोकांची जहाजं मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागली. पुढची दहा वर्षं इंग्लंडमधून माणसांचा लोंढा येतच राहिला. वसाहतीचं अर्थकारण या येणाऱ्यांवरच चालायचं. नवा आलेला माणूस खिशात पैसे घेऊन यायचा आणि आधीच्यांकडून गुरं आणि धान्य विकत घ्यायचा. १६४० नंतर इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात जुंपली, लोकांचं येणं आटलं, गुरांचे भाव कोसळले. आता पोट भरायचं तर मासळी, लाकूड आणि जहाजं यांच्यावर, म्हणजे समुद्रावर. आणि समुद्रावरचा व्यापार करायचा तर धक्के हवेत. बॉस्टनच्या आसपासचा किनारा उथळ. ओहोटीला चिखलाची लांबच लांब पाटी उघडी पडते. जहाज आत येणार कसं आणि माल उतरणार कुठे?

सरकारी तिजोरीत धक्के बांधण्याइतका पैसा नव्हता. खासगी माणसाने बांधावा म्हटलं तर दुसरी अडचण. इंग्लंडच्या कायद्यात किनाऱ्याची खासगी जमीन भरतीच्या रेषेशी संपते. त्याखालची जमीन राजाची. दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने धक्का कोण बांधेल?

वसाहतीचं विधिमंडळ म्हणजे जनरल कोर्ट. नाव कोर्टाचं असलं तरी कायदेही तेच करायचं. १६४१ मध्ये इप्सविचचे धर्मोपदेशक नॅथॅनियल वॉर्ड यांनी लिहिलेली हक्कांची संहिता जनरल कोर्टाने मान्य केली. तिच्यात एक कलम असं होतं, की गावात घरदार असलेल्या प्रत्येक रहिवाशाला मोठ्या तळ्यांत आणि भरती-ओहोटी पोचते तिथपर्यंतच्या खाड्यांत आणि नद्यांत मासे धरायची आणि पक्षी मारायची मोकळीक आहे. इंग्लंडात या गोष्टींवर जमीनदारांची मिरासदारी असायची, त्यामुळे इथे आलेल्या साध्या माणसाला हे कलम मोठंच वाटलं असणार. १६४७ मध्ये त्यात भर पडली ती आपल्या प्रकरणाची. खाऱ्या पाण्याला लागून ज्याची जमीन, त्याची मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत; पण पाणी कितीही मागे गेलं तरी १०० रॉडच्या पलीकडे नाही. १०० रॉड म्हणजे १६५० फूट, जवळजवळ अर्धा किलोमीटर. केप कॉडवर ब्रूस्टरजवळ ओहोटीला मैलाहून जास्त वाळू उघडी पडते. तिथे ही मर्यादा खरोखर कामाला येते.

मालकीला अट एकच. खाडीतून दुसऱ्यांच्या घराकडे किंवा जमिनीकडे जाणाऱ्या होड्या आणि जहाजं मालकाने अडवायची नाहीत.

तळ्यांबद्दलचा भाग याच्याच शेजारी आहे, आणि तो नीट वाचायला हवा. दहा एकरांपेक्षा मोठं तळं कुठल्याही गावाने कुणा एकाला देऊन टाकायचं नाही. अशा तळ्यावर कोणीही मासे धरावेत, पक्षी मारावेत आणि त्यासाठी कुणाच्याही जमिनीतून पायी जावं-यावं, फक्त उभं पीक आणि गवताचं कुरण तुडवू नये. शेतकऱ्याच्या बांधावरून जायची ही रीत आपल्याकडच्या कुठल्याही गावात चालते तशीच. फरक इतकाच, की तिथे ती कायद्यात लिहून ठेवली.

या सगळ्यात एका पक्षाचा उल्लेख कुठेच नाही. हा किनारा मॅसॅच्युसेट लोकांचा होता, वसाहतीला नाव त्यांच्यावरूनच पडलं. १९१३ साली बॉस्टनमध्ये बॉयल्स्टन रस्त्याखाली भुयारी रेल्वेचं काम चालू असताना जुन्या चिखलात लाकडी खुंटांच्या रांगा सापडल्या. मासे अडवायचे बांध होते ते, हजारो वर्षांपूर्वीचे. ज्या चिखलाची मालकी जनरल कोर्टाने एका वाक्यात वाटून टाकली, तिथे इतक्या जुन्या काळापासून पद्धतशीर मासेमारी चालली होती.

मेला तरी जिवंत

१६८४ मध्ये इंग्लंडने वसाहतीची सनद रद्द केली. सनदेच्या जोरावर केलेले कायदे तिच्याबरोबरच गेले, हा वटहुकूमही गेला. निदान कागदावर. पण लोक आपले त्याच हिशेबाने जमिनी विकत-घेत राहिले, खरेदीखतांत ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या हद्दी लिहीत राहिले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या न्यायाधीशांपुढे प्रश्न आला तेव्हा त्यांनी मार्ग काढला तो असा : कायदा म्हणून हा वटहुकूम संपला असेल, वहिवाट म्हणून तो चालूच आहे. त्याच न्यायाने तो प्लिमथ या वेगळ्या वसाहतीच्या जुन्या मुलखालाही लावला गेला. १८३२ च्या एका खटल्यात तिथल्या पुळणीवर लाटांनी आणून टाकलेल्या एका लाकडावरून भांडण झालं होतं आणि निकाल वटहुकुमावर लागला. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग असल्यामुळे तिथल्या न्यायालयानेही १८३१ मध्ये तो आपला म्हटला.

धक्क्याचं काय? वटहुकुमाच्या मजकुरात धक्का हा शब्दच नाही! धक्क्यांसाठी किनारा दिला हे कारण स्पष्ट शब्दांत सांगितलं ते मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायमूर्ती थिऑफिलस पार्सन्स यांनी, १८१० च्या स्टोरर विरुद्ध फ्रीमन या खटल्यात. वसाहतीला स्वतःच्या खर्चाने धक्के बांधणं परवडत नव्हतं, लोकांनी ते बांधावेत म्हणून इंग्लंडचा कायदा बदलला, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे कायद्याचं कारण कायदा झाल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी नोंदवलं गेलं. मला स्वतःला ते पटतं, कारण बॉस्टनचा नकाशाच त्याची साक्ष देतो. १७१० नंतर बांधलेला लाँग वॉर्फ नावाचा धक्का किनाऱ्यापासून जवळजवळ अर्धा किलोमीटर आत समुद्रात गेला होता, त्यावर दुकानांची आणि गोदामांची रांग होती. एकाने धक्का बांधला, शेजाऱ्याने बांधला, मधली दलदल भरली, त्यावर रस्ता आला, मग त्याच्याही पुढे नवा धक्का. आजचं बॉस्टन शहर मोठ्या प्रमाणात अशा भरावावर उभं आहे. सरकारने फार खर्च न करता बंदर उभं केलं. मोबदला म्हणून दिला तो ओहोटीचा चिखल, आणि तो सरकारला फुकटच मिळाला होता.

मुंबईकरांना यात आपल्या शहराची आठवण येईल. मुंबईतही आधी धक्के आणि भराव हे खासगी कंपनीने केले. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ मध्ये निघाली, पण बंदर एका कंपनीच्या मुठीत जाईल या धास्तीने सरकारने ती १८७० मध्ये विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आलं. मॅसॅच्युसेट्सने हे केलं नाही. तिथे मालकी फुटून हजारो जणांच्या हातात गेली होती, परत घ्यायची म्हटलं तरी कुणाकडून घेणार?

आल्जरचा धक्का

सायरस आल्जर हा दक्षिण बॉस्टनमधला लोखंडाचा कारखानदार. त्याच्या ओतशाळेत तोफा व्हायच्या. त्याने स्वतःच्या जमिनीपुढे, १०० रॉडच्या आत, म्हणजे वटहुकुमाप्रमाणे निखळ स्वतःच्या मालकीच्या जागेवर धक्का बांधला. तोवर विधिमंडळाने बॉस्टन बंदराभोवती एक रेषा आखली होती : या पलीकडे धक्का न्यायचा नाही. आल्जरच्या धक्क्याचा एक कोपरा त्या रेषेबाहेर गेला. त्याने नौकानयनाला काडीचाही अडथळा होत नव्हता, हे खटल्यात धरूनच चाललं होतं. मग गुन्हा कुठला?

१८५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी दिलेला निकाल अमेरिकेच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. जमीन आल्जरची आहे, त्यात वाद नाही, असं ते म्हणाले. पण कुठलीही मालमत्ता ही इतरांच्या आणि समाजाच्या हक्कांना बाधा येऊ नये या अटीवरच धारण केलेली असते. कुठला धक्का त्रासदायक आणि कुठला निरुपद्रवी हे प्रत्येक मालक आपल्या मनाने ठरवायला लागला तर बंदर राहणार नाही, म्हणून विधिमंडळाने सगळ्यांसाठी एकच रेषा आखावी, आणि ती मोडली की गुन्हा. भरपाई नाही. सार्वजनिक हितासाठी खासगी मालमत्तेच्या वापरावर मर्यादा घालण्याच्या राज्याच्या अधिकाराचा हा पायाभूत निकाल मानला जातो.

या प्रकरणातला हा मला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. सतराव्या शतकाने मालकी दिली, एकोणिसाव्या शतकाने त्या मालकीला वेसण घातली. धक्का आणि बंदर याबद्दल न्यायालय इतकं निर्धास्तपणे बोलू शकलं, कारण व्यापार म्हणजे काय आणि बंदराला काय लागतं हे सगळ्यांना दिसत होतं. पुढे प्रश्न आला तो पोहण्याचा आणि उन्हात पडण्याचा, आणि तिथे हीच न्यायालयं गडबडली.

बर्फाचा निकाल आणि आंघोळीचा निकाल

तळ्यांकडे परत येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून जहाजाने उष्ण देशांत विकायला सुरुवात केली. १८३३ मध्ये त्याचा बर्फ कोलकात्याला पोचला, आणि त्याच दशकात मुंबईलाही. फोर्टातल्या साहेबांनी आणि शेठियांनी सरबतात घातलेला तो बर्फ मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांमधला होता. केंब्रिजजवळचं फ्रेश पाँड हे त्यातलं मोठं नाव. घोड्याने ओढायच्या करवतीसारख्या अवजाराने तिथे बर्फाच्या चौकोनी लाद्या कापायचे. धंदा इतका वाढला, की १८४१ मध्ये त्या तळ्याकाठच्या जमीनमालकांनी आपापल्या किनाऱ्याच्या लांबीच्या प्रमाणात पाण्याच्या पृष्ठभागाची आपसांत वाटणी करून घेतली. शेताचे बांध घालावेत तशा गोठलेल्या तळ्यावर हद्दी पडल्या.

पण मोठं तळं तर जनतेचं! वटहुकुमात मासेमारी आणि पक्ष्यांची शिकार हे दोनच शब्द आहेत, बर्फ त्यात नाही. १८६३ च्या वेस्ट रॉक्सबरी विरुद्ध स्टॉडर्ड या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने हा अडसर सहज दूर केला. ज्याला दुसऱ्याच्या हद्दीत न घुसता तळ्यापर्यंत पोचता येतं अशा कोणालाही तिथे मासे धरता येतील, पक्षी मारता येतील, होडी चालवता येईल, आंघोळ करता येईल, बर्फावर स्केटिंग करता येईल, घरासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी पाणी नेता येईल आणि बर्फही कापता येईल. काळाबरोबर तळ्याचे उपयोग वाढले, तसे जनतेचे हक्कही वाढले, असा त्या निकालाचा सूर.

आता याच वटहुकुमाचा शेजारचा परिच्छेद. समुद्रात पोहण्याची आणि पुळणीवर दिवस घालवण्याची आवड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. रेल्वेने लोक किनाऱ्याला यायला लागले, बंगले झाले, आणि ओल्या वाळूची किंमत कुणाला तरी कळली. १९०७ मध्ये बटलर विरुद्ध ॲटर्नी जनरल या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या त्याच न्यायालयाने सांगितलं, की भरती-ओहोटीमधल्या जमिनीवर जनतेला आंघोळीचा हक्क नाही. पाण्यावर तरंगत कोणी आलं तर ते नौकानयनात बसेल, पाय टेकवून उभं राहणं बसणार नाही.

एकच वटहुकूम, तेच न्यायालय. तळ्यावर आंघोळ चालते, समुद्रावर नाही. याला कायद्याचं कारण आहे आणि ते खोटं नाही. तळ्याचा तळ सरकारने स्वतःकडे ठेवला होता, त्यामुळे जनतेला काय द्यायचं ते सरकारच्या जमिनीतून द्यायचं होतं. ओहोटीची जमीन मालकाला देऊन झाली होती, आणि दिलेल्या जमिनीवर नवे हक्क लादायचे म्हणजे मालकाच्या ताटातून काढून घेणं. पण इथे न्यायालयाने एक पायरी गाळली असं माझं मत आहे. वटहुकुमाने मालकी दिली तेव्हा जनतेकडे काय शिल्लक राहिलं, याची बंद यादी त्याने कुठेही केलेली नाही. होड्या अडवायच्या नाहीत असं तो म्हणतो. बाकी सगळं अडवता येईल असं म्हणत नाही. मासेमारी, शिकार, नौकानयन ही १६४७ मध्ये किनाऱ्यावर होणारी कामं होती, म्हणून त्यांची नावं आली. कामांच्या नावांचं कुंपण केलं ते नंतरच्या निकालांनी, आणि एका निकालातलं वाक्य पुढच्याने उचललं की ते कुंपण पक्कं होत गेलं.

१९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. फार काही मागत नव्हतं : भरती आणि ओहोटीच्या रेषांमधून लोकांना पायी चालत जायचा हक्क असावा, एवढंच. न्यायमूर्तींचं मत मागवलं गेलं. त्यांनी सांगितलं, की हे खासगी मालमत्ता योग्य भरपाईशिवाय घेण्यासारखं होईल, घटनेत बसणार नाही. आल्जरच्या धक्क्याचा कोपरा बेकायदा ठरवताना भरपाईचा प्रश्न नव्हता, आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पावलांसाठी मात्र तो उभा राहिला. मेनच्या विधिमंडळाने मूडी बीचचा दावा चालू असतानाच १९८६ मध्ये असाच कायदा करून मनोरंजनाचा हक्क मान्य केला होता. तो १९८९ च्या निकालात याच कारणाने गेला. अल्पमतातल्या तिघांचं म्हणणं होतं, की जनतेचे हक्क त्या तीन शब्दांत गोठलेले नाहीत. एका मताने ते हरले.

तीन शब्दांची ओढाताण

हक्क तीनच आहेत म्हटल्यावर जो तो आपलं काम त्यात कोंबायला लागला, आणि निकालांची मालिका वाचताना कधीकधी हसू आवरत नाही. चिखल खणून तिसऱ्या-शिंपल्या काढणं म्हणजे मासेमारीच, हे मेनमध्ये १९०९ मध्ये ठरलं. गळाला लावायचे समुद्री किडे खणून काढणंही मासेमारीच, हे १९५२ मध्ये. मग पाण्याखालचं शैवाल? रॉकवीड नावाचं तपकिरी शैवाल तिथल्या खडकांवर दाट वाढतं आणि खतासाठी, पशुखाद्यासाठी त्याला चांगली मागणी आहे. कापणारी कंपनी म्हणाली, ही मासेमारी. २०१९ मध्ये मेनच्या न्यायालयाने एकमताने सांगितलं, की शैवाल खडकाला चिकटून वाढतं, मासा नाही ते. ते किनाऱ्याच्या मालकाचं.

२०११ चा निकाल आणखी मजेदार. ईस्टपोर्टला एक जण लोकांना स्कूबा डायव्हिंगला न्यायचा. पाण्यात उतरायला शेजाऱ्यांच्या ओल्या वाळूवरून जावं लागे. त्याला परवानगी आहे, यावर सहाही न्यायमूर्तींचं एकमत झालं, पण कारणावर तीन-तीन अशी फूट पडली. तिघांच्या मते डायव्हिंग नौकानयनाच्या व्यापक अर्थात बसतं. उरलेले तिघे म्हणाले, हा शब्दांचा खेळ पुरे, जनतेचे हक्क काळाप्रमाणे ठरवावेत. तेव्हा पाठीवर सिलिंडर असेल तर वाळूवरून जाता येतं. आणि हातात गळ असलेल्याला तर कोणी हटकतच नाही, म्हणून दोन्ही राज्यांत फेरफटक्याला निघताना मासेमारीची काठी बरोबर ठेवा असा सल्ला अर्ध्या गमतीत देतात.

आपल्याकडे हा पेच पडला नाही, याचं श्रेय इंग्रजांच्याच दुसऱ्या सवयीला जातं. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ सरकारचा, असं लिहिलं गेलं, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये तेच कायम आहे. इंग्लंडचा मूळ नियमच हा. रिसॉर्टच्या कुंपणावर ‘खासगी बीच’ अशी पाटी लागते तेव्हा ओल्या वाळूपुरती ती पाटी पोकळच असते. अर्थात मालकी सरकारची आहे म्हणजे लोकांची सोय झाली, असं समजायचं कारण नाही. खाजणं बुजवून झालेले भराव आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या बंद पाखाड्या कुठल्याही कोळीवाड्यात विचारल्या तर सांगतील. तरी तिथे भांडताना निदान जमीन कुणाची या मुद्द्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

हिशेब

वटहुकूम फसला असं मला म्हणवत नाही. ज्या कामासाठी तो होता ते त्याने चोख केलं : पैसा नसलेल्या वसाहतीने व्यापारी बंदर उभं केलं. चूक असेल तर दोन ठिकाणी आहे. एक, देणगी सरसकट दिली. बॉस्टन बंदर आणि निर्जन पुळण यांत फरक केला नाही, धक्का बांधला तरच मालकी अशीही अट घातली नाही. मालकाने काहीच न बांधता चिखल नुसता धरून ठेवला तरी तो त्याचाच. त्यावेळी निर्जन पुळणीची किंमत शून्य होती, त्यामुळे हे कुणाला खटकलं नसणार. दोन, पुढच्या न्यायालयांनी कारणाचं स्मरण ठेवलं, पण निकाल देताना ते बाजूला ठेवलं. धक्क्यासाठी दिलेली जमीन धक्का नसताना कशासाठी राखायची, हा प्रश्न मूडी बीचच्या बहुमताने विचारलाच नाही, कारण दीडशे वर्षांच्या खरेदीखतांवर पाणी सोडायची त्यांची तयारी नव्हती. ती भीती मला अगदीच अनाठायी वाटत नाही. किनाऱ्यावर घर घेणाऱ्याने त्या निकालांवर विसंबूनच पैसे मोजलेले असतात.

मग सुटका कशी झाली? पुळणींवर झालीच नाही, किंवा पैसे मोजून झाली. सरकारने किंवा गावाने किनारे विकत घेतले तिथे ते मोकळे राहिले. धक्क्यांवर मात्र वेगळीच गोष्ट घडली. १९७९ मध्ये बॉस्टनच्या लुईस वॉर्फच्या प्रकरणात मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने ठरवलं, की ओहोटीच्या रेषेच्याही पुढे, सरकारी परवानगीने भरलेली जमीन ज्या सार्वजनिक हेतूने दिली त्या हेतूच्या अटीला ती कायम बांधलेली आहे. त्यावेळी जुनी गोदामं पाडून किंवा बदलून त्यांची घरं आणि कचेऱ्या होत होत्या. १९८३ मध्ये विधिमंडळाने किनारी बांधकामांच्या परवान्यांचा कायदा, ज्याला तिथे अध्याय ९१ म्हणतात, तो कडक केला. भराव टाकलेल्या जमिनीवर नवं बांधकाम करायचं असेल तर पाण्याच्या कडेने जनतेसाठी वाट सोडा, तळमजल्यावर लोकांना वावर ठेवा, अशा अटी परवान्यात यायला लागल्या. त्या तुकड्या-तुकड्यांच्या वाटा जोडत बॉस्टनचा हार्बरवॉक तयार झाला, चाळीसहून अधिक मैलांचा. म्हणजे जिथे मालकांनी वटहुकुमाचा हेतू पुरा करून समुद्र भरला आणि धक्के बांधले, तिथे आज कोणीही संध्याकाळी मुलाबाळांसह पाण्याच्या कडेने चालू शकतं. आणि जिथे कोणी काहीच बांधलं नाही, वाळू १६४७ मध्ये होती तशीच राहिली, तिथे जायला हातात गळ लागतो.